मुखत्यारपत्र कोणाचे? चीनची खुर्ची, गोवा आणि राष्ट्रसंघातील मते

पेढीचा मालक परगावी असावा, आणि त्याच्या नावाने सही करण्याचा अधिकार आपणांसच आहे असे सांगत दोन गृहस्थ एकाच दिवशी दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहावेत, हा प्रसंग चाकणच्या बाजारपेठेतील जुन्या व्यापाऱ्यास अगदीच अपरिचित नाही. एकाच्या हाती जुने मुखत्यारपत्र असते, परंतु वखारीतील एक पोतेही त्याच्या शब्दाने हलत नाही. दुसऱ्याच्या शब्दाने सारी वखार चालते, परंतु त्याच्यापाशी कागद नसतो. अशा वेळी शहाणा व्यापारी, यांपैकी आपला स्नेही कोण, एवढेच पाहून माल ताब्यात देत नाही. मालकाची इच्छा काय आहे हे तो आधी विचारतो. राष्ट्रांच्या पंचायतीत असाच प्रसंग वारंवार येतो, आणि तेथे स्नेह पाहूनच निकाल देण्याची चाल पडली आहे. त्या चालीचे परिणाम आमच्या देशाने दोन्ही बाजूंनी भोगले आहेत. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

दिल्लीच्या मुत्सद्द्यांनी न्यूयॉर्कात कोणास मत द्यावे याच्याशी चाकणच्या कांद्याचा अथवा कारखान्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्यास आम्ही २०२० सालच्या जून महिन्याची आठवण देतो. त्या महिन्याच्या १५ तारखेस महाराष्ट्र सरकारने उद्योगांशी जे करार केले त्यांत तीन चिनी उद्योगांशी संबंधित असे सुमारे ५,०२० कोटी रुपयांचे करार होते. त्यांतील सर्वांत मोठा आमच्या शेजारच्या तळेगावच्या मोटार-कारखान्याविषयीचा होता. त्याच रात्री लडाखमध्ये गलवानच्या खोऱ्यात आमच्या जवानांचे रक्त सांडले, आणि आठवडाभरातच ते करार जागच्या जागी थांबविण्यात आले. सीमेवरील वैर आमच्या वेशीपर्यंत पोहोचण्यास किती थोडा वेळ लागतो हे यावरून दिसते. व्यापारी करार वैरामुळे थांबवावा की नाही हा ज्या त्या सरकारच्या धोरणाचा प्रश्न होय. परंतु एखाद्या देशाच्या नावाने कोणी बोलावे, हेही त्या दिवसाच्या वैराने किंवा स्नेहानेच ठरवावे काय? आमच्या मते तसे ठरविणे चुकीचे आहे.

प्रथम या व्यवहाराचा नियम पाहू. संयुक्त राष्ट्रसंघात सभासद असते ते राष्ट्र. तेथे जाऊन बसते ते त्या राष्ट्राचे सरकार. प्रत्येक अधिवेशनाच्या आरंभी नऊ सभासदांची एक समिती प्रतिनिधींची अधिकारपत्रे तपासते आणि आपला अहवाल आमसभेपुढे ठेवते. एकाच राष्ट्राच्या नावाने दोन सरकारे उभी राहिली तर काय करावे, याचा स्पष्ट निर्णय सनदेत नाही. १४ डिसेंबर १९५० रोजी आमसभेने ठराव केला तो एवढाच की, अशा प्रश्नाचा विचार सनदेतील हेतू व तत्त्वे आणि त्या त्या प्रसंगाची परिस्थिती ध्यानी घेऊन करावा. न्यायाची अशी पक्की मापे नसली म्हणजे मापारी आपल्या मर्जीप्रमाणे माप भरतो, हे बाजारातील माणसास सांगावयास नको.

परक्याने आपल्या नावाने बोलावे हे दुःख हिंदुस्थानास नवीन नव्हते. १९१८ च्या डिसेंबरात दिल्लीच्या काँग्रेसने पॅरिसच्या तह-परिषदेसाठी आपले प्रतिनिधी निवडले. त्यांत लोकमान्य टिळक व गांधीजी यांची नावे होती. टिळक त्या वेळी विलायतेत होते. तरीही त्यांस पॅरिसला जाऊ देण्यात आले नाही, आणि परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांस पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू मांडण्यावरच त्यांस समाधान मानावे लागले. परिषदेत हिंदुस्थानच्या नावाने बसले ते इंग्रज मंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराज आणि लॉर्ड सिंह. पुढे १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे राष्ट्रसंघाची सनद तयार झाली, तेव्हाही हिंदुस्थानची सही इंग्रज सरकारने नेमलेल्या गृहस्थांनीच केली. मराठी घराण्यात दिलेल्या विजयालक्ष्मी पंडित त्या वेळी अमेरिकेतच होत्या. हे नेमलेले लोक हिंदी जनतेचे प्रतिनिधी नव्हेत, असे त्यांनी त्या शहरात जाऊन उघडपणे सांगितले. त्याच बाई १९४६ साली हिंदी शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून राष्ट्रसंघात गेल्या आणि १९५३ साली आमसभेच्या अध्यक्ष झाल्या. ज्या राष्ट्राने हे सोसले, त्याने दुसऱ्याच्या खुर्चीचा निवाडा करताना अधिक जपून वागावे हे उचित होय.

असाच निवाडा करण्याचा प्रसंग लवकरच आला. १ ऑक्टोबर १९४९ रोजी पेकिंगमध्ये माओ यांच्या पक्षाचे राज्य जाहीर झाले, आणि चँग कै-शेक यांचे सरकार फॉर्मोसा बेटावर, म्हणजे तैवानात, जाऊन राहिले. चीनचा विस्तीर्ण मुलूख व त्यातील कोट्यवधी लोक एकीकडे, आणि सुरक्षा परिषदेतील कायम सभासदाची खुर्ची दुसरीकडे, असा विलक्षण देखावा निर्माण झाला. भारताने त्याच सालच्या डिसेंबर महिन्याच्या ३० तारखेस नव्या सरकारास मान्यता जाहीर केली, आणि १९ सप्टेंबर १९५० रोजी चीनची खुर्ची त्यास द्यावी असा ठराव आमसभेपुढे मांडला. त्यास १६ मते अनुकूल व ३३ प्रतिकूल पडली. १० राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यानंतर दहा वर्षे हा विषय चर्चेसच घेऊ नये, अशी युक्ती अमेरिकेच्या पुढाकाराने चालली. ती पुरेनाशी झाली तेव्हा १५ डिसेंबर १९६१ रोजी ६१ विरुद्ध ३४ मतांनी असे ठरले की, हा प्रश्न महत्त्वाचा असल्यामुळे त्यास दोन-तृतीयांश मतांची आवश्यकता आहे. निकाल आपणांविरुद्ध जाईल असे दिसताच निकालाची रीतच बदलावी, हा प्रकार गावपातळीवरच्या संस्थांतही आमच्या वाचकांनी पाहिला असेल.

ही तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण त्यानंतर तीनच दिवसांनी गोव्याचा प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे आला.

गोव्याच्या बाबतीत तंटा दोन सरकारांचा नव्हता. तेथे एका परक्या सरकारचा दावा होता. १९५१ साली पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेत फेरफार करून वसाहतींस ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. १४ डिसेंबर १९५५ रोजी ते राष्ट्रसंघात दाखल झाले. आपल्या ताब्यात अस्वयंशासित असा कोणता मुलूख आहे, असा प्रश्न त्यास विचारण्यात आला, तेव्हा असा एकही मुलूख आपणांपाशी नाही असे त्याने साफ कळविले. म्हणजे लिस्बनची खुर्ची हीच गोव्याची खुर्ची, आणि सालाझार बोलतील तेच गोमंतकीयांचे बोलणे! चार महिन्यांपूर्वीच, त्या सालच्या १५ ऑगस्टला, गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसांहून अधिक माणसे मरण पावली होती. त्या चळवळीचे एक मोठे ठाणे चाकणपासून दहा कोसांवरील पुणे हे होते. नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांच्या पहिल्या तुकडीमागून आमच्या जिल्ह्यातील कित्येक माणसे सीमेकडे गेली.

दादरा व नगरहवेली १९५४ साली मुक्त झाली होती. राष्ट्रसंघात शिरल्यापासून आठच दिवसांत पोर्तुगालने त्या मुलखात जाण्याच्या वाटेसाठी हेगच्या न्यायालयात फिर्याद लावली. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल झाला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांच्यासाठी पोर्तुगालचा वाटेचा हक्क न्यायालयाने मानला. सैन्य, शस्त्रे व शस्त्रधारी पोलीस यांच्यासाठी मानला नाही. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही असेही ठरविले. मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश छागला हे भारताच्या वतीने त्या पीठावर बसले होते. त्याच वर्षी १५ डिसेंबरला आमसभेने ६८ विरुद्ध ६ मतांनी पोर्तुगालच्या ताब्यातील अस्वयंशासित मुलखांची यादीच करून दिली. त्या यादीत गोव्याचे नाव स्पष्ट होते. पोर्तुगालने कागदावर केलेला ‘प्रांत’ जगाने मान्य केला नाही, असा याचा अर्थ.

१७ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय सैन्य गोव्याच्या हद्दीत शिरले, आणि १८ तारखेस सुरक्षा परिषद भरली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी ठराव मांडला की, लढाई थांबवावी, भारताने सैन्य मागे घ्यावे आणि उभयतांनी वाटाघाट करावी. परिषदेत त्या काळी ११ सभासद होते, व ठराव संमत होण्यास ७ मते लागत. ठराव मांडणारी ४, शिवाय चिली, इक्वेडोर आणि चीन, मिळून बरोबर ७ मते अनुकूल पडली. सोव्हिएट रशिया, सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक ही ४ राष्ट्रे विरुद्ध गेली. रशियाने नकाराधिकार वापरला म्हणूनच ठराव बारगळला. पोर्तुगालने वसाहतींवरील हट्ट सोडावा असा सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांचा प्रतिठराव ४ विरुद्ध ७ मतांनी पडला.

या सातांतील ‘चीन’ कोणता? पेकिंगचा नव्हे, तैपेचा. ज्या सरकारच्या हुकमाने चीनच्या मुख्य भूमीवर पानही हलत नव्हते, ज्यास त्या खुर्चीवरून उठवावे असा ठराव भारताने १९५० सालीच आणला होता, आणि ज्याचे आसन तीनच दिवसांपूर्वी नव्या नियमाने बळकट करण्यात आले होते, त्याच सरकारचे मत त्या साती मतांत होते. त्या सातांतील कोणतेही एक मत गळाले असते तर ठरावास बहुमतच मिळाले नसते, आणि रशियाच्या नकाराधिकाराचे ओझे भारतास घ्यावे लागले नसते. खुर्चीवर पेकिंगचे सरकार असते तर त्याने काय केले असते, हा तर्काचा विषय आहे. त्यात आम्ही शिरत नाही. एवढे मात्र निर्विवाद आहे की, कोट्यवधी चिनी लोकांच्या नावाने पडलेले ते मत त्या कोट्यवधींपैकी कोणासही विचारून पडले नव्हते. आणि गोमंतकीयांचे म्हणून जे मांडले गेले तेही लिस्बनने गोमंतकीयांस विचारून मांडलेले नव्हते. १९ तारखेस गोव्यात पोर्तुगीज सेनेने शरणागती पत्करली. आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कात आमसभेने, वसाहतींविषयीचे कर्तव्य पाळत नसल्याबद्दल पोर्तुगालचा निषेध केला. एकाच आठवड्यात, एकाच इमारतीत, एकाच विषयावर दोन सभांची तोंडे अशी दोन दिशांस होती.

येथे दोन आक्षेप येतात, आणि ते टाळून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पहिला असा की, चीनच्या बाबतीत भारताने ‘प्रत्यक्ष सत्ता कोणाची’ ही कसोटी लावली, आणि गोव्याच्या बाबतीत ती सोडून दिली. कारण गोव्यात प्रत्यक्ष सत्ता पोर्तुगालचीच होती. हा आक्षेप खरा आहे. कसोट्या दोन आहेत: हुकूम कोणाचा चालतो, आणि तो कोणाच्या संमतीने चालतो. पेकिंगचे सरकार पहिल्या कसोटीस उतरत होते. दुसऱ्या कसोटीस ते कधीच लावले गेले नाही. गोव्यात साडेचारशे वर्षे पहिल्या कसोटीच्या बळावर दुसरी दडपून ठेवण्यात आली होती. दोन्ही कसोट्या एकीकडेच कौल देतील असे नेहमी घडत नाही. म्हणूनच मत देणाऱ्याने आपण कोणती कसोटी लावली आणि का लावली, हे सांगितले पाहिजे. जो सांगत नाही त्याच्यावर सोयीप्रमाणे कसोटी बदलल्याचा आरोप येणारच.

दुसरा आक्षेप अधिक घरचा आहे. सैन्य पाठविण्यापूर्वी भारताने तरी गोमंतकीयांस कोठे विचारले होते? सालाझार यांच्या अमलात तसे विचारण्याची सोय नव्हती हे उत्तर खरे असले तरी पूर्ण नव्हे. पूर्ण उत्तर मागाहून आले. १९६३ च्या डिसेंबरात गोव्यात निवडणुका झाल्या आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. तरीही गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे हा प्रश्न उरला. आमच्याकडील बहुतेक पुढारी व पत्रे यांनी त्याचे उत्तर गोव्याच्या वतीने परस्पर देऊन टाकले होते. १६ जानेवारी १९६७ रोजी खुद्द गोमंतकीयांचा कौल घेण्यात आला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. विलीनीकरणास १,३८,१७० मते पडली, वेगळे राहण्यास १,७२,१९१. आमच्या मनाविरुद्ध लागलेला तो निकाल आम्ही गोव्याच्या साऱ्या इतिहासातील फार मोलाचा निकाल समजतो. लिस्बनने गोव्याच्या नावाने बोलणे जसे खोटे होते, तसेच मुंबई-पुण्याने बोलणेही पुरते खरे नव्हते, हे त्याने दाखविले. ‘गोवा कोणाचा?’ याचे उत्तर गोमंतकीयांनी स्वतःच्या हाताने लिहिले. आणि ते लिहू दिले गेले म्हणूनच १९६१ च्या सैनिकी कारवाईस पाठीमागून का होईना, नैतिक आधार मिळाला. पोर्तुगालनेही हुकूमशाही गेल्यानंतर १९७४ सालच्या अखेरीस करार करून भारताचे स्वामित्व मान्य केले.

आता चीनच्या खुर्चीचा शेवट पाहू. १९६२ च्या ऑक्टोबरात हिमालयात लढाई पेटली असतानाही भारताने राष्ट्रसंघात पेकिंगच्याच बाजूस मत दिले. पुष्कळांस तेव्हा हा भोळेपणा वाटला, आजही वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. चीनने आमच्यावर हल्ला केला म्हणून मुख्य भूमीवरील लोकांचे मुखत्यारपत्र तैपेकडे जात नाही. शत्रूची खुर्ची त्याची आहे असे म्हणणे म्हणजे शत्रूपुढे मान तुकविणे नव्हे. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी दोन-तृतीयांशाचा जुना अडसर ५९ विरुद्ध ५५ मतांनी निघाला, आणि ७६ विरुद्ध ३५ मतांनी खुर्ची पेकिंगकडे गेली. भारताचे मत त्या ७६ मतांत होते.

परंतु त्या ठरावाने काय दिले व काय दिले नाही, हे नीट पाहिले पाहिजे. त्याने चीनच्या नावाची खुर्ची दिली. त्या ठरावात तैवानचे नाव नाही. तैवानात आज सुमारे सव्वादोन कोटी माणसे राहतात, आणि १९९६ पासून ती आपला अध्यक्ष स्वतः मत देऊन निवडतात. १९७१ पर्यंत तैपेने मुख्य भूमीच्या नावाने बोलावे हे जितके असत्य होते, तितकेच त्या ठरावाचा आधार घेऊन, या बेटावरील माणसांस न विचारता, त्यांचे भवितव्य दुसऱ्याने ठरविणे अन्यायाचे होईल. खुर्ची दिल्याने माणसे दिली जात नाहीत. ज्या वाचकास १९६७ च्या गोव्याच्या कौलाचे मोल पटले असेल, त्यास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

असे प्रसंग संपलेले नाहीत. १९७९ साली कंबोडियात पॉल पॉटचे क्रूर राज्य गेल्यावरही त्याच्याच माणसांची खुर्ची आमसभेने ७१ विरुद्ध ३५ मतांनी कायम ठेवली. कारण नवे सरकार व्हिएतनामी सैन्याच्या पाठबळावर आले होते. २०२१ साली अफगाणिस्तान तालिबानच्या हाती गेले आणि म्यानमारात सेनापतींनी सत्ता बळकावली, तेव्हा दोन्ही ठिकाणचे जुने प्रतिनिधी राष्ट्रसंघात आणि नवे सत्ताधारी देशात, अशी स्थिती झाली. अधिकारपत्रांच्या समितीने त्या डिसेंबरात दोन्ही निर्णय लांबणीवर टाकले. हे दोन्ही देश आमचे शेजारी. काबूलहून येणाऱ्या सुक्यामेव्यापासून ब्रह्मदेशाच्या तुरीपर्यंत त्यांचा माल आमच्या बाजारात येतो. त्यांच्याशी व्यवहार करण्यास, दूतावास उघडण्यास आमची हरकत नाही. ज्याच्या हाती वखारीच्या किल्ल्या आहेत त्याच्याशी बोलावेच लागते. परंतु किल्ल्या हाती असलेला मनुष्य मालक ठरत नाही. आणि ज्या राज्यात मुलींस शाळेचे दार बंद आहे, ते राज्य त्या मुलींच्या नावानेही बोलते आहे असे समजणे तर फारच कठीण आहे.

सरकारकडे आमचे मागणे थोडेच आहे. राष्ट्रसंघात एखाद्या देशाच्या प्रतिनिधित्वाविषयी भारत जे मत देईल, अथवा देण्याचे टाळील, त्याची कारणे संसदेपुढे नियमाने ठेवावीत: हुकमाची कसोटी लावली की संमतीची, आणि त्या देशातील लोकांचा कौल जाणण्यासाठी कोणता मार्ग सुचविला. असे केल्याने वैऱ्याचे भले होईल अशी भीती कोणी बाळगू नये. भारताचे मत रागलोभाने फिरत नाही अशी पत एकदा बसली, म्हणजे आमचा प्रसंग येईल तेव्हा ती पत उपयोगी पडेल. १९६१ साली ती पुरेशी नव्हती, म्हणून एका मोठ्या राष्ट्राच्या नकाराधिकारावर आम्हांस विसंबावे लागले.

वाचकांसही एक विनंती आहे. २०२२ च्या मार्चात आमच्या शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ नेमलेल्या प्रशासकाने लाखो नागरिकांच्या नावाने कारभार पाहिला. कारभार बरा झाला की वाईट हा प्रश्न वेगळा. पण त्या काळात ‘आमच्या नावाने हे कोण बोलत आहे?’ असे विचारणारे किती निघाले? न्यूयॉर्कातील खुर्चीविषयी आपल्या सरकारने न्यायाने वागावे अशी अपेक्षा धरणाऱ्यांनी आपल्या गावच्या खुर्चीविषयीही तोच प्रश्न वेळेवर विचारावा. जो नागरिक आपल्या नगरपालिकेत हे विचारतो, त्याच्याच सरकारला जगाच्या सभेत ते विचारण्याचे धैर्य येते.